रिकाम्या पुंगळीची कहाणी

बंदुकीचा बार निघाला कीं सर्वांचें लक्ष गोळीकडे जातें. मागें राहिलेल्या पितळी पुंगळीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक त्या क्षणीं पुंगळीवरहि मोठा प्रसंग गुदरलेला असतो. आंत पेटलेल्या दारूच्या दाबानें ती फुगते आणि नळीच्या मागील घराला घट्ट चिकटते. दाब ओसरतांच ती किंचित् आकसते, परंतु मूळ मापावर येत नाहीं. ज्या घरांत तिचा बार उडाला, त्या घराचा आकार तिच्या अंगावर राहतो. ती पुन्हां भरावयाची तर पोलादी साच्यांत दाबून मापावर आणावी लागते. हा साचा कोणता निवडावा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण मोठ्या जनावराच्या शिकारींत त्याच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असे.

या कहाणीचा आरंभ १८६६ सालीं झाला. त्या एकाच सालीं इंग्लंडांतील वुलिच येथील सरकारी दारूगोळा-प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर आणि न्यूयॉर्कचे हिरॅम बर्डन यांनीं, काडतुसाच्या बुडाशीं बसणाऱ्या स्फोटक टोपीचे दोन निराळे प्रकार सिद्ध केले. बॉक्सर यांच्या पद्धतींत टोपीची ऐरण टोपींतच असते व पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोंक असतें. आंतून सळई दाबली कीं जुनी टोपी बाहेर पडते. बर्डन यांच्या पद्धतींत ऐरण ही पुंगळीचाच भाग असून तिच्या बाजूंना दोन बारीक भोंकें असतात. तेथें सरळ सळई चालत नाहीं. नवल असें कीं, इंग्रजाची युक्ति अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत!

१८७० नंतर टेक्सस व कॅन्सस येथील माळरानांवर कातड्यांसाठीं बायसन मारणारे शिकारी शार्प्स रायफली वापरीत. दुकान दूर व तयार काडतूस महाग. तेव्हां दारू आणि शिसें घाऊक विकत घेऊन ते तळावर जुन्याच पुंगळ्या भरीत. पुंगळी ज्या रायफलींत फुगली तींतच परत जावयाची असल्यामुळें सारें अंग दाबण्याचें कारण नसे. गोळी घट्ट धरण्यापुरतें तोंड आवळलें कीं काम भागे. १८८४ सालीं न्यू हेवन येथें जॉन बार्लो यांनीं ‘आयडियल’ कंपनी काढली व तिचें सांडशीसारखें अवजार घरोघर गेलें. तेंहि तोंडच आवळी. दुर्दैवानें तोंवर बायसनांचे अफाट कळप जवळ जवळ नाहींसे झाले होते.

पुढें धूरविरहित दारूचें युग आलें. १८८९ सालीं इंग्लंडांत कॉर्डाइट तयार झालें आणि १८९८ सालीं जॉन रिग्बी यांच्या पेढीनें ०.४५० इंची ‘नायट्रो एक्स्प्रेस’ काडतूस बाजारांत आणलें. कॉर्डाइटला एक खोड होती: उष्ण प्रदेशांत त्याचा दाब वाढे आणि पुंगळी घरांत अडके. म्हणून हिंदुस्थानासाठीं कमी दारूचीं काडतुसें भरण्यांत येत. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांत व सुदानांत ०.४५० इंची काडतुसांवर बंदी घातली. बंडखोरांच्या हातांतील त्याच मापाच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळूं नये, हा हेतु होता. या बंदीमुळें ०.४६५ व ०.४७० यांसारख्या नव्या मापांना चालना मिळाली.

हीं काडतुसें बहुधा दुनळी रायफलींत वापरीत. अशी रायफल मध्यें मोडून उघडते. तिला घट्ट पुंगळी आंत रेटण्याचें किंवा ओढून काढण्याचें फारसें बळ नसतें. केवळ तोंड आवळलेली पुंगळी दर बारागणिक थोडी थोडी फुगत जाते व एके दिवशीं अडते. निशाणबाजींत त्याचा परिणाम एवढाच, कीं एक बार चुकतो. जखमी रेडा अंगावर धांवून येत असतां त्याचा परिणाम निराळा होतो. यास्तव अशा रायफलीसाठीं सबंध अंग मापावर आणणारा साचाच योग्य होय. त्यानें पितळ लवकर थकतें व पुंगळीचें आयुष्य घटतें, हें खरें. परंतु तेथें काटकसर करणें शहाणपणाचें नव्हे.

१९७० च्या सुमारास इंग्लंडांतील ‘कायनॉक’ छापाच्या या मोठ्या काडतुसांचें उत्पादन थांबलें आणि अनेक नामांकित रायफली मुक्या झाल्या. जवळच्या जुन्या पुंगळ्या भराव्या, तर त्या बर्डन पद्धतीच्या! शंभर वर्षांपूर्वींचा तो फरक आतां नडला. अखेर अमेरिकेंत बॉक्सर पद्धतीच्या नव्या पुंगळ्या निघाल्या. साच्यांची परंपरा तेथें पूर्वींच रुजली होती. कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल येथें फ्रेड हंटिंग्टन यांनीं १९४३ सालीं ‘आर.सी.बी.एस.’ हा उद्योग सुरू केला होता. मात्र या धिप्पाड पुंगळ्यांपैकीं कित्येकांना नेहमींचा सात-अष्टमांश इंची आट्यांचा साचा अपुरा पडतो. त्यांस अधिक रुंद साचा व भक्कम दाबयंत्र लागतें.

हिंदुस्थानांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या शिकारींचें युग संपलें, आणि तें संपलें हें बरेंच झालें. तथापि त्या पुंगळीचा धडा जुना होत नाहीं. अवजार निवडतांना पैसा किती वांचेल हें पाहण्यापूर्वीं, तें ऐन वेळीं अडलें तर काय गमवावें लागेल, हें पाहावें.