उर्दू शाळा म्हणजे नेमकी कोणती शाळा? शिक्षकांसाठी निधी, साधने आणि प्रशिक्षणाची माहिती

जूनमध्ये शाळा उघडली की आम्हा उर्दू शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एक म्हणतो, "अमुक अनुदान आलंय, लगेच अर्ज करा." दुसरा म्हणतो, "हे आपल्याला लागू नाही, काळजी करू नका." दोन्हींत एक गोष्ट सांगायची राहून जाते. "आपल्याला" म्हणजे कोणत्या शाळेला? माध्यम उर्दू आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शाळा कोणाची, यावर पैसा ठरतो, प्रशिक्षण ठरते आणि आता नोकरीसुद्धा. म्हणून शिक्षकांसाठी, आणि त्यांच्याकडे मुले पाठवणाऱ्या आई-वडिलांसाठीही, ही माहिती एका जागी देत आहोत.

आधी आपली शाळा ओळखा

महाराष्ट्रातल्या उर्दू शाळा साधारण तीन प्रकारच्या आहेत.

१. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेची शाळा. ही सरकारी शाळा. सगळी मुले आणि सगळा स्टाफ मुस्लिम असला तरी ती कायद्याने "अल्पसंख्याक संस्था" होत नाही.

२. अंजुमन, एज्युकेशन सोसायटी किंवा ट्रस्टची अनुदानित शाळा. पगार सरकार देते, कारभार संस्था पाहते. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार संस्थेला अल्पसंख्याक दर्जा मिळू शकतो, पण त्याचे प्रमाणपत्र घेतलेले असावे लागते. "आमची तर जुनी अंजुमन आहे" एवढे बोलणे कार्यालयात चालत नाही.

३. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळा. इथे पगार आणि खर्च दोन्ही संस्थेच्या खिशातून.

शिक्षकाने आपल्या शाळेचा प्रकार, ११ अंकी यू-डायस क्रमांक आणि दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढचे सगळे यावरच चालते.

निधी: कोणाला, किती, कशासाठी

केंद्राची समग्र शिक्षा योजना २०१८ मध्ये सुरू झाली. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण या तिन्ही योजना तिच्यात एकत्र आल्या. महाराष्ट्रात तिचा ६० टक्के खर्च केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. यातून सरकारी शाळांना पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळते. योजनेच्या आराखड्यातले दर असे:

- ३० मुलांपर्यंत: १०,००० रुपये
- ३१ ते १००: २५,००० रुपये
- १०१ ते २५०: ५०,००० रुपये
- २५१ ते १०००: ७५,००० रुपये
- १००० पेक्षा जास्त: १,००,००० रुपये

ही कमाल रक्कम वर्षाची आहे. खडू, रजिस्टर, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांसाठी ती वापरायची. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करावा लागतो, म्हणजे शौचालय, हात धुण्याची सोय, पाणी. ग्रंथालय आणि क्रीडा साहित्याचे अनुदान वेगळे असते. क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे.

अनुदानित संस्थांना हे शाळा अनुदान मिळत नाही, त्यांच्यासाठी वेतनेतर अनुदान आहे. त्याशिवाय राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची पायाभूत सुविधांची योजना आहे. ज्या शासनमान्य खासगी शाळा, कनिष्ठ महाविद्यालये, आयटीआय आणि नगरपालिका शाळांमध्ये धार्मिक अल्पसंख्याक विद्यार्थी किमान ७० टक्के आहेत, त्यांना तिचा लाभ घेता येतो. पूर्वी मर्यादा २ लाख रुपये होती, आता ती १० लाखांपर्यंत वाढली आहे. इमारतीची दुरुस्ती, पिण्याचे पाणी, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह, बाकडी, इन्व्हर्टर, प्रोजेक्टर, संगणक अशा गोष्टी यात बसतात. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. मुदत दरवर्षीच्या परिपत्रकात येते आणि ती फार मोठी नसते. म्हणून दरपत्रके, फोटो, पटसंख्येचा दाखला आणि संस्थेचा ठराव आधीच तयार ठेवावा.

मदरशांसाठी डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासून आहे. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी असे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना तिच्यातून मानधन मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये आणि बी.एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. मदरसा नोंदणीकृत असणे ही पहिली अट.

पटावरचे नाव आणि आधारवरचे नाव

निधी असो की शिक्षकाचे पद, दोन्ही मुलांच्या संख्येवरून ठरतात. ही संख्या आता हजेरीपटावरून नव्हे, ऑनलाइन नोंदीवरून घेतली जाते. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद होते. संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार जुळलेली मुले मोजली जातात.

आपल्या शाळांची खरी अडचण इथे आहे. दाखल्यावर "मोहम्मद", आधारवर "मुहम्मद", जन्मदाखल्यावर नुसते "मो.". "शेख" कुठे आधी, कुठे शेवटी. मुलीच्या नावापुढे एका कागदावर "बी", दुसऱ्यावर "खातून". माणसाला यात काही वावगे दिसत नाही, पण संगणक त्यांना दोन वेगळी मुले समजतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या ६० मुलांना दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन शिक्षक असे प्रमाण दिले आहे. राज्याचे संच मान्यतेचे निकष वेळोवेळी बदलतात, पण हिशेबाची तऱ्हा हीच. अशा काठावरच्या शाळेत दोन-चार नावे जुळली नाहीत तर शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मुले वर्गात असूनही वर्ग बिनशिक्षकाचा राहतो. नावांची ही दुरुस्ती जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी. पालकांनी आधार आणि जन्मदाखला घेऊन शाळेत एकदा जरूर यावे.

साधने: फुकट आहेत, फक्त उघडायची आहेत

बालभारती १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढते आणि उर्दू तिच्या आठ भाषांपैकी एक आहे. संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ मोफत उतरवता येते. पुस्तक उशिरा आले म्हणून धडा अडायचे कारण नाही.

दीक्षा हे केंद्राचे ॲप २०१७ मध्ये आले. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य उघडते. एनसीईआरटीच्या ई-पाठशाला ॲपवर उर्दू पुस्तके आहेत. शाळेला संगणक कक्ष हवा असेल तर समग्र शिक्षेत सहावी ते बारावीसाठी ६.४० लाखांपर्यंत आणि स्मार्ट क्लासरूमसाठी २.४० लाखांपर्यंत एकदाची तरतूद आहे. पण ही मागणी शाळेच्या यू-डायस नोंदीशी जुळायला हवी. "संगणक आहेत" अशी चुकीची नोंद गेली, तर शाळेचे नाव यादीत येणार नाही.

एक छोटी पण कामाची गोष्ट. आपल्यातले पुष्कळ जण अजून इनपेजमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करतात. ती फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर नीट उघडत नाही, गूगल फॉर्ममध्ये चिकटवली तर अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोड उर्दू कीबोर्ड आणि नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत मिळतो. एकदा सवय झाली की एकाने केलेली प्रश्नपत्रिका केंद्रातल्या सगळ्या उर्दू शाळांना वापरता येते.

प्रशिक्षण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. राज्यात ही जबाबदारी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, जिल्ह्यात डाएटची आणि खाली केंद्राच्या शिक्षण परिषदेची. निष्ठा हा केंद्राचा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी दीक्षावर ऑनलाइन आला. कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र सेवापुस्तकासोबत जपून ठेवावे.

१२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला आपण चट्टोपाध्याय म्हणतो, आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी यांसाठी वेगळे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याची नोंदणी ठरावीक मुदतीतच करावी लागते.

प्रशिक्षण बहुधा मराठीतून होते. आम्ही शिकवतो उर्दूतून, म्हणून साहित्य उर्दूत मागणे गैर नाही. ही मागणी तोंडी न करता केंद्रप्रमुखांमार्फत डाएटकडे लेखी द्यावी. पाच-सहा शाळांनी मिळून दिली तर उर्दू तज्ज्ञ शिक्षकाचे नावही सोबत सुचवावे.

टीईटी: सगळ्यांत मोठा प्रश्न

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला. पहिली ते आठवीच्या ज्या सेवेतील शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा सोडावी लागेल, असे त्यात म्हटले आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती हवी तर टीईटी लागेल. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू आहे का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने मोठ्या पीठासमोर नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

"आपल्याला लागू नाही" हा मेसेज इथून सुटला. तो प्रश्न अल्पसंख्याक संस्थांपुरता आहे. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या उर्दू शाळेतल्या शिक्षकाला त्याचा आधार घेता येणार नाही. संस्थेच्या शाळेतल्या शिक्षकानेही थांबून राहू नये, कारण प्रश्न अजून मिटवलेला नाही, फक्त पुढे पाठवला आहे.

परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि ती उर्दू माध्यमातून देता येते. पेपर १५० गुणांचा, वेळ १५० मिनिटे. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. नकारात्मक गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. बालमानसशास्त्राला ३० गुण आणि दुसऱ्या भाषेला ३० गुण आहेत. वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला विषय येतो, सराव राहिलेला असतो तो या दोन भागांचा.

पालकांनी काय पाहावे

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांत समिती फक्त सल्ला देते, पण सरकारी शाळेत अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा करणे हे तिचे कामच आहे. बैठकीत तीन गोष्टी विचारा: यंदा किती रक्कम आली, कशावर खर्च झाली, किती मुलांचे आधार जुळायचे बाकी आहे. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला पैसा परत जातो, म्हणून हे प्रश्न दिवाळीनंतर लगेच विचारावेत. अम्मी-आपांनी बैठकीला येऊन नुसती सही करून जाऊ नये, इतिवृत्त वाचून घ्यावे. ते मराठीत असेल आणि कळत नसेल तर आम्हा शिक्षकांना विचारा, वाचून दाखवणे हे आमचे काम आहे.