खाजण : खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवरचा इतिहास

१/ नदी सागराला मिळते ती जागा नकाशावर स्थिर दिसते. प्रत्यक्षात खाऱ्या व गोड्या पाण्याची सीमा वर्षभर सरकत असते. गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या काठी या सरकत्या सीमेने शेती घडवली, गावसंस्था घडवल्या आणि राज्यकर्त्यांनाही त्यांची दखल घ्यायला लावली. त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी पाण्याचा स्वभाव समजून घेऊ. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोव्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. तेव्हा नद्यांचा लोंढा खारे पाणी मुखाकडे रेटतो. पावसाळा सरला की प्रवाह क्षीण होतो, दिवसातून दोनदा येणारी भरती आत शिरते आणि मे महिन्यापर्यंत खारटपणा कित्येक किलोमीटर आत पोहोचतो.

३/ नदीकाठची सखल जमीन भरतीच्या पातळीखाली येते. बांध घालून ती लागवडीखाली आणली की तिला खाजण म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्म्याच्या बांदोडे ताम्रपटात, म्हणजे सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास, 'खज्जन' भूमीचा उल्लेख येतो.

४/ या शेतीचे मर्म 'मानस' नावाच्या जलद्वारात आहे. बांधातील या द्वाराला लाकडी झडपा असतात. भरतीला बाहेरचे पाणी त्या दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी त्या उघडून बाहेर पडते. पहारेकरी नाही, यंत्र नाही. भरती-ओहोटीच हे दार चालवते.

५/ पावसाचे पाणी मातीतले मीठ धुऊन काढते आणि त्याच काळात कोरगुटसारखा क्षार सोसणारा भात पिकतो. कापणीनंतर काही ठिकाणी खारे पाणी आत घेऊन मासे व कोळंबी धरतात. मिठागरांत मीठ पिकते. एकाच नदीकाठी ऋतूनुसार भात, मासळी आणि मीठ.

६/ मात्र बांध एका ठिकाणी फुटला, तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात पसरते आणि ते मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणून बांधाची राखण एकट्याची असूच शकत नव्हती. हे काम गावकारी संस्थेने सांभाळले. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि ते उत्पन्न संस्थेकडे येई.

७/ पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना ही व्यवस्था मोडण्यापेक्षा नोंदवून तिच्याकडून महसूल घेणे सोयीचे वाटले. १५२६ च्या 'फोराल' या सनदेत गावकारीचे रीतिरिवाज लिहिले गेले. पुढे याच संस्था 'कोमुनिदाद' म्हणून ओळखल्या गेल्या आणि १९०४ मध्ये त्यांची संहिता झाली.

८/ मिठाचे भाग्य वेगळे होते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मीठ उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले. ब्रिटिश भारतातील मीठ-महसूल सुरक्षित राहावा, हा त्यामागचा हेतू. १८९२ मध्ये करार संपला, तोवर गोव्याच्या मिठागरांवर बंधने होती.

९/ मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. ते न्याय्यच होते. पण बांधांची जबाबदारी कोमुनिदादींकडून कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी डागडुजी मागे पडली. कुठे मत्स्यशेतीसाठी खारे पाणी वर्षभर आत राहू लागले. भातशेत एकदा खारे झाले की ते परत मिळवणे कठीण.

१०/ आपण इतिहास किल्ल्यांत आणि ताम्रपटांत शोधतो. गोव्याच्या नदीकाठचा मातीचा बांध हाही तितकाच बोलका पुरावा आहे. राजवटी बदलल्या, भाषा बदलल्या. भरती मात्र दिवसातून दोनदा येतच राहिली आणि तिला अडवणारी माणसे दर वर्षी एकत्र येत राहिली. आज पाणी तेच आहे. ते एकत्र येणे टिकेल का, हा खरा प्रश्न आहे.