शेवटच्या मिनिटाचा न्याय

सामना संपत आला व गुण समसमान झाले, म्हणजे पंचानें बारीकसारीक चुकांकडे कानाडोळा करावा, निकाल खेळाडूंनींच लावावा, असें पुष्कळांचें मत असतें. मुरूडसारख्या किनाऱ्यावरील गांवीं कबड्डीच्या मैदानाभोंवतीं हा वाद नेहमींचाच. पंच बहुधा शेजारच्या वाडीचा. शेवटच्या चढाईंत शिटी वाजविली, तर घरीं जातांना त्याच गर्दींतून वाट काढावी लागते. कानाडोळा सोयीचा वाटतो तो यामुळें.

पूर्वीं हुतूतूचे संजीवनी, गामिनी व अमर असे प्रकार ठिकठिकाणीं रूढ होते. बाद झालेला गडी एकांत पुन्हां जिवंत होई, दुसऱ्यांत डाव संपेपर्यंत बाहेर बसे. अशा स्थितींत पंचाचा शब्द हाच कायदा. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम बांधून सामने भरविले. पंचाला लेखी आधार मिळाला. पुढें १९९० सालीं बीजिंग येथें हा खेळ आशियाई क्रीडास्पर्धांत दाखल झाला.

परंतु लेखी नियमहि दोन असले तर काय होतें, हें ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथें दिसलें. भारत व इराण यांच्या अंतिम सामन्यांत गुण २८-२८ असतांना, अवघा मिनिटभर खेळ उरला असतां, पवन सेहरावत कोणासहि न शिवतां राखीव पट्ट्यांत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे गडीहि शिरले. एका नियमानें चढाई करणारा तेवढा बाद. दुसऱ्यानें मागून शिरलेलेहि बाद. निर्णय फिरला, पुन्हां फिरला, खेळ सुमारें तासभर थांबला. शेवटीं भारतास चार व इराणास एक गुण मिळाला आणि भारत ३३-२९ असा विजयी झाला.

येथें घोटाळा पंचाच्या कठोरपणानें झाला नाहीं. कोणता नियम चालणार, याविषयीं आरंभीं एकमत नव्हतें, म्हणून झाला. चूक पाहून गप्प बसणें हाहि निर्णयच. तो चुकणाऱ्याच्या पदरांत पडतो. पहिल्या मिनिटास जो गडी बाद, तो चाळिसाव्यासहि बादच असला पाहिजे. म्हणून सरपंचानें पहिल्या चढाईपूर्वींच दोन्ही संघनायकांस नियम ऐकवावा, आणि मध्यंतरांत पुसट झालेली फक्कीची रेषा पुन्हां आंखून घ्यावी. मग शेवटची शिटी वाजविणें त्यास जड जाणार नाहीं.