सालबर्डीचे थर आणि आपल्या बोअरचा चुरा



दिवाळीच्या आधी जुन्या घराची भिंत खरवडायला घेतली की काय दिसतं? वर मागच्या वर्षीचा रंग, त्याखाली त्याच्या आधीचा निळा, त्याखाली चुना आणि सगळ्यांत खाली सासूबाईंच्या हातचं शेणामातीचं सारवण. कोणता हात आधीचा आणि कोणता नंतरचा, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. खालचा जुना, वरचा नवा. पृथ्वीचा इतिहास वाचायची सुरुवातही याच साध्या नियमानं झाली. निकोलस स्टेनो यांनी तो 1669 मध्ये मांडला.

गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "गोट्याले काय तोंड हाय काय वं माय?" आज त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी संत्र्याची बाग वाचवायला कर्ज काढून बोअर मारलं. पाणाड्यानं नारळ धरून जागा दाखवली. आम्ही सगळ्या पाहायला गेलो होतो. आधी काळी माती आली, मग मुरूम, मग काळ्या पाषाणाचा राखाडी चुरा, मधेच लाल माती, पुन्हा काळा पाषाण. पाणी लागलं नाही, हप्ते मात्र लागले. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे होतं. बाहेर पडणारा चुरा कुणी पाहिला नाही, लिहिला तर नाहीच. खरं तर आपल्या वावराचा इतिहासच त्या चुऱ्यातून बाहेर पडत होता.

आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो एकदाच नाही, पुन्हा पुन्हा वाहत आला. दोन लाव्हांच्या मधे बराच काळ गेला की वरचा दगड झिजून त्याची माती व्हायची. पुढचा तापलेला लाव्हा त्यावर पसरला की चुलीच्या मातीसारखी ती भाजून निघायची. बोअरमधून आलेली लाल माती बहुतेक वेळा अशीच असते. ती दिसली की समजायचं, इथे लाव्हा बराच काळ थांबला होता.

मग या पाषाणाच्याही खाली काय आहे? ते पाहायला आपल्याला खोल जावं लागत नाही, सालबर्डीला जावं लागतं. महाशिवरात्रीला आपण महादेवाच्या दर्शनाला जातो, तेच सालबर्डी. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन मोठ्या भेगेवर वर उचलली गेली आणि एरवी लाव्ह्याखाली दडलेले थर तिथे उघडे पडले. लाव्ह्याच्या खाली लॅमेटा नावाचा थर आहे, त्याच्या खाली गोंडवन काळाचा वालुकाश्म. गोंडांच्या मुलखावरून पडलेलं हे नाव आज जगभरच्या पुस्तकांत आहे. लॅमेटाच्या थरात डायनोसॉरचे अवशेष सापडले. ए. के. श्रीवास्तव आणि आर. एस. मानकर या अमरावतीच्या अभ्यासकांनी 2013 मध्ये सालबर्डी परिसरातल्या डायनोसॉरच्या पुढच्या पायाच्या हाडाबद्दल लिहिलं आणि 2015 मध्ये अंड्यांच्या घरट्याबद्दल. आपल्या यात्रेच्या मुलखात डायनोसॉर अंडी घालत होते!

पण एका गावचा थर दुसऱ्या गावच्या थराशी जुळवायचा कसा? ही युक्ती विल्यम स्मिथ या इंग्रज मोजणीदाराला सापडली. तो कालव्यांच्या खोदकामावर काम करायचा. प्रत्येक थरातले शिंपले वेगळे, आणि लांबच्या गावातही त्यांचा क्रम तोच, हे त्याच्या लक्षात आलं. त्यावरून 1815 मध्ये त्यानं इंग्लंडच्या थरांचा मोठा नकाशा छापला. शिकला तो खणलेल्या मातीकडे पाहूनच.

आपल्या विदर्भात हे काम स्टीफन हिस्लॉप यांनी केलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1850 नंतरच्या दशकात त्यांनी नागपूर भागातले थर आणि त्यांतले जीवाश्म गोळा केले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचेही अवशेष त्यांच्याकडे होते. पिसदुऱ्यात हाडांसोबत आणखी एक गोष्ट मिळते: दगड झालेलं शेण. 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात गवताचे वाळूसारखे बारीक कण निघाले. गवताचं पातं बोटाला कापतं ना, ते अशाच कणांमुळे. त्यांत धानाच्या नात्यातल्या गवताचेही कण होते. तोवर बहुतेकांची समजूत होती की डायनोसॉर संपल्यावरच गवत आलं. रोज शेणात हात घालणाऱ्या आपल्यासारख्या बायांना याचं नवल वाटू नये. जनावरानं काय खाल्लं, ते शेण पाहून आपणही सांगतो.

आता वर्षांचा हिशेब. थरांवरून आधी काय आणि नंतर काय ते कळतं, किती वर्षं झाली ते कळत नाही. त्यासाठी दगडातली काही द्रव्यं ठराविक गतीनं बदलतात, त्यांचं मोजमाप करतात. सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या मधल्या लाल थरांत झिरकॉन नावाचे बारीक खडे मिळाले. त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं, ते मोजून काळ काढला. हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा ठरला. डायनोसॉर संपले तेही याच सुमाराला.

तर आजी, गोट्याले तोंड हाय. पण तो आपल्या जागेवर असेल तरच बोलतो. अंड्यासारखा गोल दगड यात्रेतून उचलून घरी आणला, की तो कोणत्या थरातला, कशाखालचा, कशावरचा हे सगळं पुसलं जातं. मग तो नुसता गोटा. म्हणून सालबर्डीला काही वेगळं दिसलं तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवा आणि जाणकाराला कळवा.

आणि दुसरं. मोर्शी-वरुड हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके आहेत. पाणी मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन लाव्हांच्या सांध्यांत असतं, सलग काळ्या पाषाणात नसतं. म्हणून आमच्या गटानं ठरवलं आहे: यापुढे बोअरसाठी कर्ज हवं असेल तर आधी शेजारच्या दोन-तीन बोअरचे थर विचारून यायचं, आणि आपलं बोअर सुरू असताना किती फुटांवर कोणता चुरा आला ते वहीत लिहायचं. त्या ताईंचे हप्ते अजून सुरू आहेत. पहिलं पान त्यांनीच लिहिलंय, आठवून आठवून. पुढच्या बैठकीला तुम्हीही आपल्या विहिरीचं, बोअरचं पान घेऊन या.