डोमेन-जोडणी

डोमेन-जोडणी : कंपनीचा संगणक तिच्या मध्यवर्ती खातेनोंदीशी जोडून कर्मचाऱ्याला कार्यालयीन खात्याने त्यावर लॉगिन करता येईल अशी व्यवस्था लावणे. आयटी विभागाच्या बोलीत ‘लॅपटॉप डोमेनमध्ये घेणे’. या व्यवस्थेत खाती दोन असतात, एक माणसाचे आणि एक यंत्राचे. पहिले सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते, आणि लॉगिनच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच निघते.

जोडणी नसलेला प्रत्येक संगणक खात्यांची यादी स्वतःपाशी ठेवतो. दहा यंत्रांवर काम करणाऱ्याला पासवर्ड बदलायचा तर दहा ठिकाणी बदलावा लागतो. चार-पाच यंत्रांच्या कार्यालयात हे खपून जाते. त्यापुढे यादी एका जागी आणावीच लागते. १९९३ मधील विंडोज एनटीत डोमेनची सोय होती. आजचे रूप मात्र १७ फेब्रुवारी २००० रोजी बाजारात आलेल्या विंडोज २००० मधील अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे आहे. तिने ओळख पटवण्याचे काम कर्बेरॉस या पद्धतीकडे सोपवले. ही पद्धत मायक्रोसॉफ्टची नव्हे. अमेरिकेतील एमआयटीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पात विद्यार्थी कोणत्याही संगणकावर येऊन बसत, आणि नेटवर्कवरून जाणारा पासवर्ड वाटेत कोणी टिपू नये ही तिथली अडचण होती. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या योजनेवर कर्बेरॉस उभी राहिली.

तिच्यात पासवर्ड सर्व्हरकडे जातच नाही. पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने संगणक आपल्या विनंतीसोबतची वेळेची नोंद कूटबद्ध करतो. सर्व्हरला ती उलगडता आली की तो ठरावीक मुदतीचे तिकीट देतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ही मुदत मुळात १० तासांची असते. पुढे छापयंत्र, सामायिक फोल्डर, मेल यांसाठी त्याच तिकिटाच्या आधारे वेगळी तिकिटे मिळतात आणि पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. जुने तिकीट चोरून कोणी पुन्हा वापरू नये म्हणून वेळ तपासली जाते. दोन्हींकडच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक असला तर विनंती नाकारली जाऊ शकते. कपाटात पडून राहिलेल्या, मदरबोर्डवरची बॅटरी संपलेल्या यंत्राने लॉगिनला हटवादीपणे नकार दिला, तर पासवर्ड बदलत बसण्याआधी घड्याळ पाहावे.

जोडणीसाठी विंडोजची प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ आवृत्ती लागते. होम आवृत्ती डोमेनमध्ये जात नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या लॅपटॉपवर गाडी इथेच अडते. संगणकाचे नाव १५ अक्षरांत बसवावे. सर्वांत नेहमीची चूक डीएनएसची : संगणकाने डोमेनचा पत्ता कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारायला हवा, इंटरनेट सेवादात्याच्या नव्हे. जोडणी होताच डिरेक्टरीत यंत्राचे खाते उघडते आणि त्यालाही पासवर्ड मिळतो. तो यंत्र स्वतःच दर ३० दिवसांनी बदलते. महिनाभर बंद राहिलेला लॅपटॉप त्यामुळे डोमेनमधून बाद होतो, असे आयटी विभागातही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. बदल यंत्राच्या पुढाकाराने होतो, तेव्हा बंद यंत्राचा पासवर्ड आहे तसाच राहतो. यंत्र आणि डोमेन यांच्यातील विश्वास तुटल्याचा कुप्रसिद्ध संदेश बहुधा जुना बॅकअप परत चढवल्याने किंवा एकच नाव दोन यंत्रांना दिल्याने येतो.

नव्या वापरकर्त्याचे पहिले लॉगिन कंपनीच्या नेटवर्कवर व्हावे लागते. त्यानंतर विंडोज पडताळणीची खूण जपून ठेवते आणि नेटवर्क नसतानाही आत घेते. मूळ मांडणीत अशा दहा वापरकर्त्यांच्या खुणा राहतात. २०२० च्या टाळेबंदीत याच पहिल्या लॉगिनने कार्यालयांना जेरीस आणले, कारण नवा माणूस घरी आणि सर्व्हर कार्यालयात.

त्यावरचा मार्ग तोवर तयार होता. २०१५ च्या विंडोज १० पासून संगणक थेट मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील डिरेक्टरीला जोडता येतो. २०२३ पासून तिचे नाव एंट्रा आयडी, त्याआधी अ‍ॅझ्युर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. इथे कार्यालयाचे नेटवर्क लागत नाही. इंटरनेट, कार्यालयीन ईमेल पत्ता आणि बहुधा फोनवरची दुसरी पडताळणी पुरते. २०१७ मध्ये आलेल्या ऑटोपायलट या सोयीमुळे पुरवठादाराने यंत्राची ओळख आधीच नोंदवली असेल, तर खोके थेट कर्मचाऱ्याच्या घरी पोचते आणि पहिल्यांदा सुरू होतानाच कंपनीचे होते. पुढे लॉगिनला पिन चालतो. सहा आकडी पिन लांबलचक पासवर्डपेक्षा कच्चा, ही शंका रास्त वाटते, पण पिन त्या यंत्रातील टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेला असतो. तो दुसऱ्याला कळला तरी लॅपटॉप हाती असल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. मूळ मांडणीत अशी जोडणी करणारा कर्मचारीच त्या यंत्राचा अ‍ॅडमिन बनतो. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते आधीच बंद करावे.

स्वतःच्या लॅपटॉपवर कार्यालयीन खाते जोडणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात यंत्राची फक्त नोंद होते. मात्र त्याच वेळी संस्थेला यंत्राचे व्यवस्थापन करू देण्याची परवानगी मागितली जाऊ शकते. न वाचता ‘ओके’ दाबणारा आपला घरचा लॅपटॉप कंपनीच्या नियमांखाली नेऊन ठेवतो.

कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा केवळ त्याचे खाते बंद करून भागत नाही. आधी मिळालेली सेवांची तिकिटे मुदत संपेपर्यंत चालू शकतात, आणि नेटवर्कपासून तोडलेला लॅपटॉप जपलेल्या खुणेवर त्याला पूर्वीसारखाच आत घेतो. म्हणून यंत्र आधी ताब्यात घ्यावे आणि डिरेक्टरीतील यंत्राचे खातेही बंद करावे.