धुळीआडचा जोडीदार

तवा तापला का, हे आपण वर हात धरून ओळखतो. ती धग म्हणजे अवरक्त किरण. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. आज त्यांचीच गोष्ट.

१९६६ मध्ये रॉकेटमधल्या उपकरणांना हंस तारकासमूहात क्ष-किरणांचा एक स्रोत सापडला. नाव पडलं सिग्नस एक्स-३. ही ताऱ्यांची जोडी. त्यातला एक लहानसा पण भयंकर जड. तो जोडीदाराचा वायू ओढून घेतो, वायू तापतो आणि क्ष-किरण निघतात. पण जोडीदार कोण? मध्ये आकाशगंगेची इतकी धूळ, की साध्या प्रकाशात काही दिसेना. (ताथवड्यात हायवेच्या दिव्यांपुढे आम्हाला तसेही चारच तारे दिसतात, ते सोडा.)

अवरक्त किरण धुळीतून पार येतात. सत्तरच्या दशकात ते टिपले, तर क्ष-किरणांसारखेच तेही दर ४.८ तासांनी कमीजास्त होत होते. इतकी झटपट फेरी, म्हणजे जोडीदार छोटाच असणार, असा अनेकांचा कयास. १९९२ मध्ये मार्टेन व्हान केर्कवाइक आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या दुर्बिणीतून अवरक्त वर्णपट छापून आणला. त्यात हेलियम ठळक, हायड्रोजनचा पत्ताच नाही! म्हणजे वरचं आवरण गमावलेला, वुल्फ-राये जातीचा वजनदार तारा. वीस वर्षांचा अंदाज उलटला.

आपल्याकडे २०१५ मध्ये सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं क्ष-किरण उपकरण बसवलं. त्याच संस्थेचं अवरक्त उपकरण लडाखमध्ये हानलेच्या दुर्बिणीला जोडलं होतं.

सिग्नस एक्स-३ मधला तो जड तारा न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, हे मात्र अजून नक्की ठरलेलं नाही.