प्यूनिक जोड : नाव कुणाचं, लाकूड कुणाचं?

फेस्टूल या जर्मन कंपनीचं 'डॉमिनो' यंत्र या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आलं. दोन लाकडांच्या कडांना समोरासमोर खाचा पाडायच्या, त्यात गोंद लावून एक सुटा, चपटा लाकडी तुकडा बसवायचा, की जोड तयार. या तुकड्याला लूज टेनन म्हणतात. कंपनी स्वतःचे बीच लाकडाचे टेनन विकते, आणि त्याच मापाचे इतरांचेही मिळतात. मग सुतारांमध्ये ठरलेला वाद: 'ओरिजिनल' घ्यायचे की दुसऱ्याचे?

तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या ब्लॉगवर हे सुतारकाम कशाला? कारण 'हा जोड कुणाचा' हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि पुरावा कसा वाचायचा याचा इतका छान सराव क्वचितच मिळतो.

रोमन लेखक केटो याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात ऑलिव्हच्या घाण्यासाठी चार फूट रुंद, सहा बोटं जाड लाकडी चकती करायला तो सांगतो, आणि ती 'प्यूनिक' जोडांनी, म्हणजे कार्थेजच्या पद्धतीने जोडायला सांगतो. गंमत बघा, हाच केटो कार्थेज नष्ट करा म्हणून सिनेटमध्ये हट्ट धरून बसला होता. शत्रूचं शहर नको, पण जोड मात्र शत्रूच्याच नावाचा!

या एका शब्दावरून पुष्कळदा निष्कर्ष काढला जातो की हा जोड फिनिशियन लोकांचा शोध. इथे थांबा. रोमन लोक या जोडाला कुणाचा मानत होते, एवढंच तो शब्द सांगतो. बहुधा तो त्यांच्याकडे कुणाकडून आला, हेही. पहिल्यांदा कुणी केला, हे तो सांगूच शकत नाही. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीज नावाने आला म्हणून तो पोर्तुगालमध्ये उगवला असं आपण म्हणत नाही ना?

लाकूड काय म्हणतं ते पाहू. गिझाच्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये सापडलेली खुफूची नौका साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्या फळ्यांमध्ये सुटे टेनन आहेत, पण त्यांना खुंट्या नाहीत. फळ्या एकत्र धरायचं काम दोरांनी बांधून केलंय. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे बुडालेलं जहाज इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्यात सिडारच्या फळ्या, ओकचे टेनन, आणि प्रत्येक टेननमधून आरपार ठोकलेल्या खुंट्या. म्हणजे सुटा टेनन आणि खुंटीने अडकवलेला सुटा टेनन या दोन वेगळ्या गोष्टी. 'शोध कुणाचा' विचारण्याआधी 'नेमका कशाचा शोध' हे ठरवायला हवं. व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येतो.

आता नकलेची बाजू. पॉलिबियस सांगतो की पहिल्या प्यूनिक युद्धात किनाऱ्याला लागलेलं कार्थेजचं एक जहाज रोमनांच्या हाती आलं आणि त्याबरहुकूम त्यांनी शंभर मोठी जहाजं बांधली. प्लिनी म्हणतो, झाडं तोडल्यापासून साठ दिवसांत. पुढे १९७० च्या दशकात ऑनर फ्रॉस्ट यांनी सिसिलीतल्या मार्सालाजवळ इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं प्यूनिक जहाज उत्खननात बाहेर काढलं. त्याच्या लाकडांवर कारागिरांनी रंगवलेली अक्षरं होती, कुठला भाग कुठे बसतो याच्या खुणा. लगेच गोष्ट जुळली: रोमनांनी अक्षरांसकट नक्कल केली! मला ही गोष्ट फार आवडते, म्हणूनच मी तिच्यापासून जरा लांब राहते. कार्थेजचे कारागीर लाकडांवर खुणा करत, हे त्या अक्षरांवरून कळतं. रोमनांनी त्या वाचल्या का, हे कळत नाही. शिवाय पॉलिबियस घटनेनंतर शंभर वर्षांनी, रोमच्या बाजूने लिहीत होता.

परत केटोकडे या. 'प्यूनिक' म्हणून तो थांबत नाही. टेनन होल्म-ओकचे घाला आणि कॉर्नेलच्या लाकडाच्या खुंट्यांनी बंद करा, असं पुढे सांगतो. म्हणजे नावाच्या पाठोपाठ लाकडाची जात आणि खुंटीचीही. माझ्या मते त्या परिच्छेदातला सर्वांत कामाचा भाग हाच.

आजच्या टेननलाही हेच लागू पडतं. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून टेननमध्ये तंतू लांबीच्या दिशेने हवेत. बीच तर ओलाव्याने बरंच हलणारं लाकूड: ८ मिमी जाडीच्या टेननमधला ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर जाडी साधारण ०.१ मिमी वाढते. खाच अचूक असेल तर तेवढ्याने तो अडतो. त्यामुळे कंपनीचं पाकीट पावसाळ्यात उघडं राहिलं तर तेही फुगणार, आणि कोरड्या लाकडातून नीट रंधून काढलेला दुसऱ्याचा टेनन गुपचूप बसणार. फरक असलाच तर तो एकसारखेपणात असतो. शंभर तुकड्यांत किती जाडीबाहेर गेले, हे व्हर्नियरने मोजता येतं, आणि त्याची किंमत द्यायची का हा ज्याचा त्याचा हिशेब.

उलुबुरूनच्या जहाजाचं म्हणाल तर त्यात तांबं सायप्रसचं, वस्तू इजिप्तपासून ग्रीसपर्यंतच्या. ते जहाज नक्की कुणाचं, यावर अभ्यासक अजून भांडतायत.